पालवीचा रविवार

दादा प्लंबर होता. त्याचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण इमारतीत सगळे त्याला दादाच म्हणायचे, आणि म्हणून त्याच्या बायकोला वहिनी. वहिनी घरीच शिवणकाम करायची. पडदे, अभ्रे, कुणाची पँट आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. लोक तिच्याकडे यायचे, ती कुणाकडे जायची नाही. घराघरांत शिरायचं काम दादाचं होतं.

इमारत अरुंद, तीन मजली. तळमजल्यावर बेकरीत रात्रपाळी करणारा एकटा माणूस. पहिल्या मजल्यावर दादा-वहिनी, आणि समोरच्या दारात गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दुसऱ्यावर एक नर्स आणि तिच्या सहा वर्षांच्या जुळ्या मुली. तिसऱ्यावर तक्रारबुवा. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी इमारत तपासायला घेतली असं दादा म्हणायचा. जिन्यात लावलेल्या सायकली, दाराबाहेरच्या चपला, उघडा राहिलेला नळ, प्रत्येकावर त्यांची चिठ्ठी भिंतीला चिकटलेली असायची, आणि तिच्यात स्वल्पविरामसुद्धा चुकलेला नसायचा. एक चिठ्ठी वहिनीच्या शिलाई मशीनवरही होती. तेव्हापासून चार वर्षं वहिनी त्यांच्याशी बोलत नव्हती.

समोरच्या फुटपाथवरच्या झाडाला पालवी फुटली, की त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दादा चारही दारांच्या कड्यांना एकेक कागदी पिशवी अडकवायचा. पिशवीत मागच्या पडीक जागेत उगवणारी पिवळी फुलं, आणि एखादी बारीकशी वस्तू. बेल वाजवायची आणि पळायचं. त्याची आई असं करायची, एवढंच तो सांगे. तिला कुणी शिकवलं ते त्यालाही माहीत नव्हतं.

वस्तू मात्र त्याच्या स्वतःच्या डोक्यातून यायची. वर्षभर बेसिनखाली आणि मोरीत आडवं पडून काम करताना तो घर बघायचा. कुणाच्या बाथरूममध्ये पाय घसरतो, कुणाच्या सिंकचं बूच हरवलंय आणि तिथे चिंधी कोंबलेली आहे, हे त्याला ठाऊक असायचं. मग पालवीच्या रविवारी नर्सच्या दाराला फुलांसोबत रबराचं बूच लटकलेलं दिसायचं. वहिनीचं काम एवढंच, की दार अर्धं उघडं धरून उभं राहायचं आणि दादा धापा टाकत आत शिरला की आवाज न करता लावून घ्यायचं. पन्नाशी उलटलेला, चांगला भरलेल्या अंगाचा माणूस जिन्यावरून पळतो, हा तिला शुद्ध पोरकटपणा वाटायचा. तसं ती दरवर्षी बोलूनही दाखवायची आणि दरवर्षी दार धरायची.

त्या हिवाळ्यात दादा एका घरी गरम पाण्याची टाकी बसवून आला, खुर्चीत बसला, पाणी मागितलं, आणि वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत संपला होता.

अडीच महिने झाले. वहिनी पुन्हा मशीनवर बसू लागली होती, कारण लोकांचे पडदे अडून राहिले होते. एका दुपारी ती सुतळीचा गुंडा घेऊन जिना चढत होती आणि वरून नर्स आपल्या मुलींना घेऊन उतरत होती. खिडकीतून समोरचं झाड दिसत होतं. पालवी अजून नव्हती, नुसते कोंब. जुळ्यांपैकी एकीने झाडाकडे बघितलं, मग वहिनीकडे, आणि विचारलं, "आता आमची पिशवी कोण आणणार?"

नर्सने तिचा हात दाबला. वहिनीचा चेहरा बघून ती गडबडली आणि माफी मागायला लागली. पण वहिनीच्या डोक्यात वेगळंच आलं होतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? पिशवी कोण ठेवतं ते?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, वहिनी," नर्स संकोचून म्हणाली. "दादा पळायला लागले की जिना हलायचा."

वहिनी घरी आली. सुतळी टेबलावर ठेवली. इतकी वर्षं ती श्वास रोखून दार लावायची, ते कशासाठी? आणि तरी दार लावल्यावर बाहेरून ऐकू यायचं, "अरे, हे कोणी ठेवलं?" बाईंचा आवाज, नर्सचा आवाज. ठाऊक असूनही ते विचारायचे. हे सगळे मिळून एक खेळ खेळत होते, आणि तो खेळ आहे हे एकट्या तिलाच माहीत नव्हतं.

दोन दिवस तिने तो विषय मनातून काढून टाकला. तिसऱ्या दिवशी दादाची हत्यारांची पिशवी खाली ओतली. पाने, वॉशर, टेपची गुंडाळी, सुकलेल्या डिंकाची बाटली. या वर्षासाठी काही घेऊन ठेवलं असेल तर ते तसंच वाटून टाकू, असं तिच्या मनात होतं. काहीच नव्हतं. कुठे टिपणही नव्हतं. कुणाला काय हवंय ते सगळं त्याच्या डोक्यात होतं आणि त्याच्याबरोबर गेलं होतं.

नुसती फुलं अडकवली असती तरी चाललं असतं. पण वहिनी शिवणारी बाई होती. माप न घेता कापड कापणं तिला जमणारं नव्हतं. कुणाला काय लागतं ते कळायला त्यांच्या घरात जायला हवं होतं, आणि शेजारच्या घरात उगाच जाऊन बसणं ही गोष्ट तिने उभ्या जन्मात केली नव्हती.

पहिला नंबर बेकरीवाल्याचा लागला. त्याचा पांढरा एप्रन दुरुस्तीला आला होता. एरवी तो स्वतः येऊन घेऊन जायचा. या वेळी दुपारी चार वाजता वहिनीच तो घेऊन खाली गेली. त्याने डोळे चोळत दार उघडलं, आणि आपण त्याला झोपेतून उठवलं हे तिच्या लक्षात आलं. ती इतकी ओशाळली की परत फिरणार होती, पण तेवढ्यात तिला खिडकी दिसली. काचेवर वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यांचे कोपरे सुटलेले, आणि फटींतून ऊन थेट उशीवर. दिवसा झोपणाऱ्या माणसाची खिडकी. तिने एप्रन त्याच्या हातात दिला आणि डोळ्यांनीच माप घेतलं. लांबी दीड मीटर, रुंदी त्याहून वीतभर कमी.

नर्सकडे ती रक्तदाब तपासायचं निमित्त करून गेली. रक्तदाब खरोखरच वाढलेला निघाला, आणि नर्सने तिला मीठ कमी करायला सांगून वर एक लांबलचक व्याख्यान दिलं. ते चालू असताना आतल्या बाजूला मुली बादली पालथी घालून, तिच्यावर आळीपाळीने चढून बेसिनपाशी दात घासत होत्या. बादली डुगडुगत होती. वहिनीला दादाचा लाकडी खोका आठवला. बेसिनखाली काम करताना तो त्याच्यावर बसायचा. चांगला जड, बोटभर जाड लाकडाचा.

गणिताच्या बाईंकडे जायला निमित्त लागलं नाही, दार समोरच होतं. बाई ऐंशीला टेकलेल्या, ताठ बसणाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघरात एकच मिणमिणता दिवा होता. त्या अंधारात बाई बोटांनी चाचपत डबे ओळखत होत्या. वहिनीला वाईट वाटलं. दादासारखा माणूस इतकी वर्षं या घरात येत होता आणि त्याच्या हे लक्षात कसं आलं नाही, याचं नवलही वाटलं. आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात तिला थोडं बरंही वाटलं, की त्याला दिसलं नाही ते आपल्याला दिसलं.

राहिले तक्रारबुवा. तिसऱ्या मजल्यावर जाऊन तिने बेल वाजवली. दार वीतभर उघडलं. पाणी नीट येतंय का, असं तिने विचारलं. येतंय, असं ते म्हणाले आणि दार लागलं. चार दिवसांनी ती पुन्हा गेली. तुमच्याकडे काही शिवायचं आहे का, सध्या माझ्याकडे काम कमी आहे, असं ती म्हणाली. ते धडधडीत खोटं होतं. या वेळी दार पूर्ण उघडलं. तक्रारबुवा दारात उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, चष्मा कपाळावर.

"चार वर्षं न बोलणारी बाई एका आठवड्यात दोनदा येते," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या घरात काय कमी आहे ते बघायला आला आहात."

वहिनीने नाही म्हणायचा प्रयत्न केला नाही.

"माझ्यासाठी काही आणू नका. दादाही आणत नसत. पिशवीत नुसती फुलं असायची."

"मग बेल वाजवून पळायचे ते कशाला?"

"पळायचे नाहीत," तक्रारबुवा म्हणाले. "त्यांचे गुडघे दुखायचे. तीन मजले चढून आल्यावर पळवत नाही म्हणायचे. मी दार उघडायचो तेव्हा ते तिथेच उभे असायचे, तुम्ही उभ्या आहात तिथे. मग मी पाणी द्यायचो, ते बसायचे. तासभर तरी बसायचे."

एवढं बोलून त्यांनी दार लावलं.

वहिनी जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर थांबली. दादाचे गुडघे कधी दुखले नव्हते. बायकोपासून माणूस बरंच काही लपवू शकतो, पण गुडघे नाही. नर्सच्या दारापासून तो असा सुटायचा की जिना हलायचा, हे सबंध इमारत सांगत होती. तिला दर वर्षीचा तो रविवार आठवला. तीन दारं उरकून दादा घरात शिरायचा, दम खायचा, आणि शेवटची पिशवी घेऊन पुन्हा वर जायचा, तो लवकर यायचाच नाही. नाश्ता गार होऊन जायचा. गच्चीवरची टाकी बघत होतो, असं तो सांगायचा, आणि रविवारीसुद्धा तुम्हाला टाक्या सुचतात म्हणून ती त्याच्यावर डाफरायची. आपलं ज्याच्याशी वाकडं, त्याच्याकडे हा माणूस तासभर बसून येतो, हे तिला कळू नये म्हणून तो खोटं बोलत होता. तिला राग आला. मग तो राग कुणावर काढायचा ते सुचेना, आणि ती जिन्याच्या पायरीवर बसून रडली. दादा गेल्यापासून लोकांसमोर, लोकांसाठी ती बरंच रडली होती. हे रडणं तिचं एकटीचं होतं.

पुढचे दहा दिवस ती कामात बुडून गेली. जाड गडद निळ्या कापडाचा पडदा शिवला, आत दुहेरी अस्तर लावून. खोका घासून गुळगुळीत केला, पाय सरकू नये म्हणून त्याच्यावर जुन्या गोधडीचं कापड ताणून ठोकलं. ठोकताना अंगठ्यावर एक घाव बसला. बाईंसाठी दुकानातला सगळ्यात प्रखर दिवा आणला. तोवर झाड हिरवं झालं होतं.

रविवारी ती पहाटेच मागच्या पडीक जागेत जाऊन फुलं घेऊन आली. बेकरीवाला कामावरून परतायच्या आत पडद्याची पिशवी त्याच्या कडीला अडकवली. तिथे पळायची गरज नव्हती. बाईंच्या दारापाशी मात्र पळावं लागणार होतं. चोपन्नाव्या वर्षी आपण हे काय करतोय, असं एकदा वाटलं. मग तिने आपलं दार उघडं राहावं म्हणून त्यात एक चप्पल अडकवली, समोरची बेल दाबली आणि चार पावलांत घरात शिरली. बाहेर बाईंचं दार उघडलं, कागद वाजला, आणि बाईंचा आवाज आला, "हे कोणी बरं ठेवलं?" त्या आवाजात किंचित कंप होता. दाराला पाठ लावून उभ्या असलेल्या वहिनीला हसू आवरेना.

नर्सच्या दाराशी खोका ठेवून ती खाली न पळता वर पळाली आणि मधल्या वळणावर भिंतीला चिकटून राहिली. मुलींचा गलका झाला. "खोका!" असं एक ओरडली, "माझा!" असं दुसरी, आणि मग कोण पहिली चढणार यावरून भांडण सुरू झालं. नर्स मोठ्याने, मुद्दाम जिन्याच्या दिशेने म्हणाली, की ज्यांनी कुणी हे ठेवलं असेल त्यांनी मीठ कमी खाल्लं असेल अशी आशा आहे.

उरलेल्या पायऱ्या वहिनी हळूहळू चढली. हातात फक्त फुलांची पिशवी होती. बेल वाजवली. तिचे पाय मागे सरत होते, कुणीतरी खालून खेचत असल्यासारखे. ती उभी राहिली.

तक्रारबुवांनी दार उघडलं आणि आधी घड्याळाकडे बघितलं. "सात वाजून बावीस मिनिटं. दादा सव्वासातला यायचे."

"मला अजून सवय नाही," वहिनी म्हणाली.

त्यांनी तिला आत घेतलं. खोली नीटनेटकी होती, प्रत्येक वस्तू जागच्या जागी, आणि खिडकीजवळ दोन खुर्च्या. त्यांनी पाणी दिलं, फुलं पेल्यात ठेवली. मग दोघंही खुर्च्यांवर बसली. चार वर्षं न बोलल्यावर सुरुवात कुठून करायची, ते दोघांनाही कळत नव्हतं. शेवटी तक्रारबुवांनी त्यांना येत होतं तेच केलं. मशीनचा आवाज अजूनही वर येतो, असं ते म्हणाले. वहिनीच्या कपाळावर आठी पडली. तिच्या तोंडात उत्तर तयार होतं.

"हिवाळ्यात अठरा दिवस बंद होतं," तक्रारबुवा पुढे म्हणाले. ते पेल्यातल्या फुलांकडे बघत होते. "एकोणिसाव्या दिवशी दुपारी थोडंसं वाजलं. मग पुन्हा दोन दिवस बंद. त्यानंतर रोज."

तो एकोणिसावा दिवस वहिनीला आठवत होता. एक टीप घातली होती आणि दोरा तुटला होता.

"मग त्याचीही तक्रार लिहायची होती," ती कशीबशी म्हणाली.

"लिहिली होती. चिकटवली नाही."

त्या चिठ्ठीत काय होतं ते तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ती तासभर मात्र बसली नाही. अर्ध्या तासात उठली. दारापाशी ते म्हणाले, की मशीनच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले तर हादरा कमी होईल, दादांच्या पिशवीत असतील. असतील, असं ती म्हणाली.

अकराच्या सुमारास बाई आल्या. हातात दिव्याचं खोकं होतं. त्या कधी आडपडदा ठेवून बोलायच्या नाहीत.

"अगं, हे मला नको. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला उजेड सोसत नाही. डोकं दुखतं. म्हणून मंद दिवा ठेवलाय मी, मुद्दाम."

वहिनीचा चेहरा पडला. दादाला दिसलं नाही ते आपल्याला दिसलं, असं वाटत होतं ना. दादाला बहुतेक ठाऊकच होतं.

"ह्यांना कळायचं," ती म्हणाली. "मला नाही जमणार हे."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "चल माझ्याकडे."

स्वयंपाकघरात त्यांनी खालचा खण ओढला. खणात हुक होते. भिंतीत मारायचे, चिकटवायचे, पितळी, प्लास्टिकचे, एक तर माशाच्या आकाराचा. एकूण नऊ, बहुतेकांची पाकिटंसुद्धा फोडलेली नव्हती.

"पहिल्या वर्षी त्याने माझा टॉवेल खुर्चीवर पडलेला बघितला," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून दरवर्षी हुक. मला टॉवेल खुर्चीवरच लागतो गं, पाठीला टेकायला."

वहिनी खणाकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, इतकं की तिला ओट्याला धरावं लागलं. नऊ वर्षं. आणि दरवर्षी तो किती ऐटीत यायचा, या वेळी बाई खूश होणार बघ म्हणून.

"त्यांना सांगितलं का नाही तुम्ही?"

"काय सांगायचं? आयुष्यभर पोरांच्या वहीत लाल शाईने चुका काढल्या. हा माणूस वर्षभर माझ्या टॉवेलचा विचार करतोय, त्याला काय चूक द्यायची?"

"मग पुढच्या वर्षी काय हवंय ते आताच सांगून टाका."

"सांगितलं तर ते नुसतं सामान झालं," बाई म्हणाल्या. "तू बघ. चुकलीस तर मी खण रिकामा करीन."

वहिनीने माशाच्या आकाराचा हुक हातात घेतला. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात एकही हुक नव्हता. लोकांची घरं दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी कधी वेळ झाला नव्हता, आणि ती एप्रन दाराच्या मुठीला अडकवायची. हा घेऊ का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, घे, पण बसवणार कोण?

बेकरीवाल्याची झोप मोडू नये म्हणून तो उठेपर्यंत दोघी थांबल्या. दुपारी तो वर आला, निळ्या पडद्याविषयी काहीच बोलला नाही, फक्त आपण आज सात तास सलग झोपलो एवढं जाता जाता सांगून गेला. मग वहिनीने आपल्या स्वयंपाकघरात दादाचं ड्रिल काढलं. तिने ते आजवर कधी हातात धरलं नव्हतं. बाई दिवा न लावता, खिडकीच्या मंद उजेडात पट्टी घेऊन उभ्या राहिल्या आणि इकडे दोन सेंटिमीटर, तिकडे एक, असं सांगत राहिल्या. पहिलं भोक फार मोठं पडलं आणि भिंतीचा पापुद्रा निघून ओट्यावर सांडला. दुसरं त्याच्या शेजारी, जरा वर पडलं. हुक थोडा तिरका बसला. वहिनीने तो दोन बोटांनी ओढून बघितला, मग पूर्ण हाताने ओढून बघितला, आणि ओट्यावरची माती पुसायला घेतली.